शेलटेकची नाव, शेलटेकचा पूल

शेलटेकच्या माणसाला पत्ता विचारला की तो आधी हसतो. चाकणच्या चौकात कांद्याच्या गाड्यांमधून जीव वाचवत बाहेर पडा, कंपन्यांच्या भिंती संपल्या की डावीकडं वळा, धरणाचं पाणी दिसलं की थांबा. मग? मग हाळी द्या. परवा-परवापर्यंत पत्ता एवढाच होता. काठाला उभं राहायचं, तोंडाशी हात धरायचे आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं, "ओ प्रभामावशीऽऽ!" की समोरच्या बेटावरून एक बाई पदर खोचत उतरायची, नाव सोडायची आणि वल्हवत यायची. तलाठी आला तरी तीच, नवरदेव आला तरी तीच आणि गॅसची टाकी आली तरी तीच.

ही गोष्ट तिची. त्यात पुलाची पण येईल, कारण पूल काढून घेतला तर तिची गोष्ट सांगताच येत नाही.

धरण व्हायच्या आधी शेलटेक ही साधी टेकडी होती, गुरं चारायची जागा. धरणाला पाणी चढलं आणि खालचं गाव त्यात गेलं. ज्यांना लांब कुठं जमिनी मिळाल्या ते बिऱ्हाड उचलून गेले. ज्यांची शेतं टेकडीच्या अंगाला होती ते वर चढले, आणि ज्यांना कुठंच काही मिळालं नाही तेही वर चढले. काही घरं मराठ्यांची, काही बौद्धांची, एखाद-दुसरं ठाकराचं. चहूबाजूंनी पाणी, मध्ये ही माणसं. सरकारला वाटलं, माणसं आज ना उद्या उतरतील. माणसांना वाटलं, पाणी आज ना उद्या उतरेल. दोघांनीही एकमेकांची जिद्द ओळखली नव्हती.

पहिला तराफा बांधला धोंडीबानं. धोंडीबा म्हणजे प्रभावतीचा सासरा, बौद्धवस्तीतला, हाताचा कसबी आणि तोंडाचा फटकळ. चाकणला तेव्हा कंपन्या नव्या-नव्या येत होत्या. त्यांची तेलाची रिकामी पिंपं भंगारवाल्याकडं मिळायची. ती त्यानं आणली, वर बांबू टाकले, काथ्यानं आवळले आणि अल्याड-पल्याड दोर ताणला. दोर ओढत जायचं, दोर ओढत यायचं. पहिल्या दिवशी वरच्या, मराठ्यांच्या आळीतलं कुणी त्यावर बसेना. महाराचा तराफा, कसं बसायचं? धोंडीबा म्हणाला, "नका बसू. पवून जावा." दिवस मावळायच्या आत सगळे बसले. मात्र तराफ्यावर मांडीला मांडी लावून बसणारी हीच माणसं त्याच्या घरच्या माठातलं पाणी पुढं कित्येक वर्षं पीत नव्हती, हेही सांगून टाकतो. गोष्ट सांगायची तर धड सांगावी.

गावानं ठरवलं, वर्षाकाठी धोंडीबाला घरटी भात द्यायचा. तर हा गडी बिथरला. "बलुतं आमी बाबासाहेबांच्या शब्दावर सोडलं. मजुरी द्या, न्हाईतर फुकट बसा. पण बलुतं म्हनायचं न्हाई." लोकांनी मजुरी द्यायचं कबूल केलं. काहींनी दिली, काही फुकट बसले.

मग एक प्रसंग घडला. वस्तीतली एक लेक माहेरपणाला यायला निघाली, भर पावसात काठाला आली आणि हाळी देत राहिली. ह्याला वाटलं तो जाईल, त्याला वाटलं हा जाईल. कुणीच गेलं नाही. बिचारी रात्रभर बाभळीखाली भिजली आणि पुढं कितीतरी दिवस तापानं उठली नाही. धोंडीबानं ते मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून त्याच्या घरात नेम झाला: हाळी रिकामी जाऊ द्यायची नाही. घरातलं एक माणूस घाटावर असलंच पाहिजे. लग्न असो, मयत असो, बुद्धपौर्णिमा असो.

ह्या घरात प्रभावती सून म्हणून आली, ती तराफ्यावरच रडत आली. लोकांना वाटलं माहेर सुटलं म्हणून रडते. तिला पोहता येत नव्हतं, म्हणून रडत होती! पण पुढं हीच बाई पाण्याची झाली. नवरा चाकणला कंपनीत लागला, कधी फर्स्ट शिफ्ट, कधी नाईट, त्याला नावेशी देणंघेणं नव्हतं. धोंडीबाचे गुडघे गेले, तसं त्यानं सुनेच्या हातात वल्हं दिलं. आळीत कुजबूज झाली, बाईमाणूस नाव चालवणार म्हणून. एकानं काठावरून तोंडावर विचारलं. प्रभावती नाव वळवत म्हणाली, "तुमाला बसायचंय का अजून वराडायचंय?" तो मुकाट्यानं बसला.

मध्यंतरी सरकारी लाँच पण आली बरं का. हार घातले, पेढे वाटले, डिझेलचा धूर काढत ती एक हंगाम चालली. मग इंजिन बसलं आणि त्याचा पार्ट काही मिळेना. अजून काठाला पडली आहे, कोंबड्या अंडी घालतात तिच्यात. आळीतली सुमनताई म्हणते, सरकारच्या योजनेतून गावाला नियमित काही मिळालं असेल तर ती अंडी! पुढं लाकडी नाव आली, मग फायबरची आली. वल्हं मात्र प्रभावतीचंच राहिलं. नवरा गेला, सासरा गेला, ती घाटावरून हलली नाही. सकाळी कंपनीच्या बसला माणसं पोचवायची, दुपारी शाळेची पोरं, दिवेलागणीला परतलेले. कुणी उशीर केला तर खरपूस शिव्या, आणि कुणाच्या घरी आजारपण असेल तर वल्हवता-वल्हवता सगळी विचारपूस. प्रभामावशी म्हणजे टेकाचं दारच होतं म्हणा ना.

आता असल्या बाईच्या घरात व्हायची ती गंमत झाली. मुलगा धम्मरत्न आयटीआय करून कंपनीत लागला आणि त्यानं बायको केली ती पिंपळे गुरवची. आम्रपाली. वडील पिंपरीच्या कारखान्यातून रिटायर झालेले, आई लहानपणीच गेलेली, पोरगी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लायब्ररीत कामाला. हुशार, मोकळी, हसरी. सासूवर तर तिचा भारी जीव. सासू वल्हवते हे ती मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, मोबाइलवर फोटो दाखवायची. दोघं राहायला पिंपळे गुरवलाच होते, पण सुट्टी आली की टेकावर. तिला एकच हौस होती: "आई, आमच्याकडं राहायला या ना." आणि प्रभावतीचं एकच उत्तर होतं: "ईन की. नावंचं बघू दे."

मैत्री झाली, आम्रपालीची मुलगी, आणि ती अजून मांडीवरची असताना पावसाळ्यात सगळे टेकावर आले होते. एक दिवस धम्मरत्न कामाला गेला होता. दुपारी पल्याडून हाळी आली, प्रभावती नाव घेऊन गेली. तेवढ्यात वारं सुटलं. धरणाचं वारं ज्यानं पाहिलं नाही त्याला काय सांगायचं! पाणी उभं राहतं. नाव सोडणं म्हणजे मरण. प्रभावती पल्याडच्या काठाला, सोपानरावांच्या चहाच्या टपरीत वारं बसायची वाट बघत थांबली.

आणि इकडं मैत्रीला ताप चढला. असा चढला की पोरीनं डोळे फिरवले. आम्रपाली लेकराला पोटाशी धरून घाटावर धावली आणि हाळ्या देत सुटली. "आईऽ, ओ आईऽ!" वारं सगळं तिच्याच अंगावर. तिचा शब्द दोन हातांवर पोचत नव्हता. समोर नाव दिसत होती, टपरी दिसत होती, टपरीतलं सासूचं लुगडं दिसत होतं. ते तिच्याकडं वळलं नाही. वारं बसेपर्यंत आळीतल्या बायकांनी मिळून पोरीला ओल्या फडक्यांनी पुसलं, ताप खाली आणला. पोरगी वाचली. बाबांनो, वाचली, घाबरू नका. आता सहावीत आहे आणि कुणाचं ऐकत नाही.

पण आम्रपालीच्या आतलं काहीतरी त्या घाटावर तुटलं. नाव परत आली तशी ती पोरीला घेऊन तिच्यात बसली, पल्याड उतरली आणि सासूकडं न बघता म्हणाली, "तुमची नाव सगळ्यांची आहे आई. आमची नाही. पूल झाल्याशिवाय मी या टेकावर पाय ठेवणार नाही."

धोंडीबाच्या घरानं एवढ्या वर्षांत जपलेला नेम. रिकामी गेली ती एकच हाळी, आणि ती घरच्याच सुनेची! प्रभावती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी उठली आणि पुलाच्या मागं लागली.

लोकांना हसावं का रडावं कळेना. जिचं पोट नावेवर, तीच पूल मागत हिंडतेय! ग्रामपंचायत, तहसील, धरणाचं ऑफिस, आमदाराचा बंगला. कुठल्याही मीटिंगला ही बाई हजर. एका साहेबानं विचारलंच, "मावशी, पूल झाला तर तुम्ही काय करणार?" ती म्हणाली, "माझी सून पुलाच्या पल्याड हाय, सायब. नाव घिऊन काय चाटू?" मंजुरी आली. खांब उभे राहिले. मग ठेकेदार जो गेला तो गेलाच. वर्षानुवर्षं खांबांवर बगळे बसायचे आणि प्रभावती त्यांच्यामधून नाव काढताना त्यांनाच शिव्या द्यायची, "बसा, बसा राजांनो. तुमाला तरी फुकट घर झालं." पुन्हा अर्ज, पुन्हा हेलपाटे. आळीतली पोरं मोठी झाली, तीही तिच्याबरोबर जाऊ लागली. दुसरा ठेकेदार आला. शेवटी एका उन्हाळ्यात स्लॅब पडला, कठडे लागले, रंग मारला. झाला हो पूल!

उद्घाटनाला मांडव घातला होता. वरची आळी, बौद्धवस्ती, सगळे एका मांडवात. प्रभावती नवं लुगडं नेसून उभी होती, आणि हारतुऱ्यांकडं तिचं लक्षच नव्हतं. ती पुलाच्या त्या टोकाकडं बघत होती. धम्मरत्न दिसला. मैत्री उड्या मारत आली. त्यांच्या मागं कुणी नव्हतं.

"आई, तिच्या कॉलेजात ॲडमिशनची गडबड आहे," धम्मरत्न म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही.

"बरं," प्रभावती म्हणाली आणि पेढे वाटायला गेली.

पूल झाला खरा, पण शेलटेकची माणसं काही एका दिवसात पुलाची झाली नाहीत. त्यांची मोटरसायकल कायम पल्याड, सोपानरावांच्या टपरीमागच्या पत्र्याखाली लावायची सवय. नावेत गाडी कुठं घेता येते? तर पूल झाल्यावरही गडी शिफ्टवरून यायचे, पत्र्याखाली गाडी लावायचे, कुलूप घालायचे आणि डबा हलवत पूलभर चालत घरी! कितीतरी दिवस कुणाच्या डोक्यात आलं नाही, की राव, गाडी आता घरापर्यंत जाते! ज्या दिवशी आळीतल्या लक्ष्मणरावांच्या थोरल्यानं पहिल्यांदा मोटरसायकल दारात आणली, त्या दिवशी त्यांचं कुत्रं तिच्यावर दिवसभर भुंकत होतं. काही म्हातारे तर पुलाच्या तोंडाशी उभं राहून आधी एक हाळी द्यायचे, "ओ प्रभामावशीऽ!", मग आपलीच जीभ चावून चालू लागायचे.

लोकांना हसून घेतलं तरी हसण्याची जागा दुसरीच होती. प्रभावती अजून घाटावरच बसत होती. नाव धुवायची, वल्हं पुसायची, पल्याड नजर लावायची. पुलावर तिनं पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. रिक्षाचा आवाज आला की मान वर. एखादी पंजाबी ड्रेसमधली बाई पुलावर दिसली की हातातलं काम थांबायचं. ती बाई बचत गटाची निघायची, नाहीतर पोलिओची. संध्याकाळ झाली की प्रभावती उठून घरी जायची.

सोपानराव वरच्या आळीतले. टपरी पल्याड, घर टेकावर. टपरी बंद करून पुलावरून येताना ते रोज हे बघत होते. शेवटी एका संध्याकाळी ते घाटावर उतरले आणि पायरीवर बसले.

"प्रभावैनी, कुणाची वाट बघतीस?"

"हाळीची."

"माज्याशी बी खोटं? सुनंची बघतीस."

ती वल्हं पुसत राहिली.

"ती म्हनली पूल झाल्यावर ईन. न्हाई आली. का न्हाई आली?"

"मला काय म्हाईत. ऱ्हायला आसंल राग."

"मी सांगू? रागवू नगं." सोपानरावांनी चप्पल काढून बाजूला ठेवली, म्हणजे लांबलचक बोलायचं होतं. "पोराचं लगीन झालं पिंपळे गुरवला. हळद तिथं, लगीन तिथं. तू सांजच्याला परत. का, तर नाव. नात झाली, दवाखान्यात तोंड बघितलंस आन् दुपारी हितं. नाव. सुनंचं आपरेशन झालं, तू डिंकाचं लाडू पाठवलंस. धम्माच्या हातनं. ती तुला ऱ्हायला बोलावून-बोलावून दमली. एक रात तरी ऱ्हायलीस का तिच्या घरी?"

"मग हितं कोन बघनार व्हतं?"

"मी चालवली आसती की! लक्ष्मण चालवायचा. आमी काय पान्यात जल्मलो न्हाई का? कितींदा म्हनलो तुला. तू वल्हं देत न्हवतीस कुनाला. तुला वाटायचं, तुज्याबिगर टेक बुडंल."

प्रभावतीचा चेहरा असा उतरला की सोपानरावांना वाटलं, उगाच बोललो. पण ती भांडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा भांडली नाही. म्हणाली, "पूल मी तिला यायला मागितला, भावजी. मला जायला बी झालाय, हे डोस्क्यातच आलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरली. घरचे तांदूळ, नाचणीचे पापड, पहाटे जाळ्यात घावलेली चिलापी साफ करून डब्यात. एक लुगडं, आणि जरा थांबून, आणखी एक. घराला कडी घातली, खाली घाटावर आली, पिशवी नावेत ठेवली, नाव सोडली आणि झोकात वल्हवत पल्याडच्या काठाला लागली. सोपानराव टपरीत दूध तापवत होते. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं वैनी! पूल हाय की!"

प्रभावतीनं मागं वळून पुलाकडं बघितलं, मग नावेकडं बघितलं. "अगं बाई, व्हय की!" आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. सोपानरावांचं दूध उतू गेलं.

"बांधून ठिवा तिला. मी सुनंकडं चाललेय," ती म्हणाली आणि वडापच्या जीपमध्ये चढली.

चाकणच्या चौकात नेहमीचा जाम, पुढं कांद्याचे ट्रक, मागं कंपनीच्या बसा. तिथून पीएमटीनं भोसरी, भोसरीहून दुसरी बस. चुकत-विचारत पिंपळे गुरवला पोचेपर्यंत दुपार कलली होती. मैत्री शाळेतून आली होती. दार उघडून "आज्जी?" म्हणत तिनं जी मिठी मारली, त्यात पिशवीतले अर्धे पापड मोडले. आज्जीनं ते मोडू दिले.

आम्रपाली संध्याकाळी आली. दाराबाहेर सासूच्या चपला बघून आधी घाबरली.

"आई? काय झालं? कुणाला काही झालं का?"

"काय न्हाई झालं. आले."

"एकट्या? आणि नाव?"

"बांधलीया."

"कुणी हाळी दिली तर?"

"पूल हाय. पाय हायती. चालत जातील."

आम्रपालीनं पर्स खांद्यावरून काढली नव्हती. सवयीनं तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "निघायचं कधी? मी चहा टाकते पटकन. शेवटची गाडी..."

"निघायचं न्हाई," प्रभावती म्हणाली. "ऱ्हायला आले."

आम्रपाली तशीच उभी. मैत्री एकदा आईकडं बघते, एकदा आज्जीकडं. प्रभावतीनं वाटेत बसमध्ये काय-काय बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं विसरली आणि जे तोंडाला आलं ते बोलली.

"त्या दिवशी तुजी हाळी मला ऐकू आली न्हाई, आम्रपाली. वारं व्हतं. वाऱ्याला मी काय करनार? पर त्याच्या आदी तू कितींदा म्हनलीस, आई ऱ्हायला या. तवा कुठं वारं व्हतं? तवा तर चांगलं ऐकू येत व्हतं की मला. लोकांच्या हाळीला पळत गेले, आन् तुज्या हाळीला 'नावंचं बघू दे.' चुकलं माजं. सपशेल चुकलं."

आम्रपालीनं पर्स खाली ठेवली नि तिथंच खुर्चीत बसली. तिचे डोळे भरून वाहायला लागले आणि तिनं ते पुसले पण नाहीत.

"मला पूल नकोच होता हो आई. रागात म्हणाले. मग तुम्ही त्या पुलासाठी अख्खा तालुका पालथा घातलात, मला बोलायची चोरी झाली. उद्घाटनाला सगळे गेले तिकडं. मी कॉलेजात बसून रडत होते. मला वाटलं, पूल झाला, आता जावंच लागेल. आणि गेले तरी आई घाटावरच बसणार. मला पूल नको होता. माणूस पाहिजे होतं घरात. माझ्या आईनंतर कुणी राहिलंच नाही माझ्याकडं."

प्रभावती उठली. वल्ह्यानं खरखरीत झालेले हात तिनं सुनेच्या तोंडावरून फिरवले. आणि ह्या दोघी बायका गळ्यात गळा घालून रडल्या, अशा रडल्या की शेजारची पूनम दार वाजवून विचारायला आली. मैत्रीनं तिला सांगितलं, "काही नाही मावशी, आज्जी राहायला आलीये." पूनमला वाटलं, म्हणून कुणी एवढं रडतं का? तिला कुठं माहीत!

चिलापीचं कालवण आम्रपालीनं केलं, भाकरी प्रभावतीनं थापल्या. धम्मरत्न शिफ्टवरून आला, ताटावर बसलेल्या आईकडं बघत कितीतरी वेळ बूट काढायचं विसरला. प्रभावती दोन दिवसांचं म्हणून आली होती, रविवारपर्यंत राहिली. विहारात गेली, सुनेच्या मैत्रिणींना भेटली, ताथवड्याचं कॉलेज बघून आली. "येवढी पुस्तकं!" म्हणाली, आणि एवढ्या शांततेत माणसं बसतात कशी, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. रविवारी सकाळी आम्रपालीनं स्वतःची बॅग भरली. कुणी काही म्हणालं नव्हतं.

चौघं पुलाच्या तोंडाशी रिक्षातून उतरले. "चालत जाऊ," आम्रपाली म्हणाली. "बघू तरी, एवढं भांडून आणलेला पूल." धम्मरत्न आणि मैत्री पुढं निघालेही. आम्रपाली चार पावलं गेली आणि तिला शेजारी सासू दिसली नाही. मागं वळली, तर प्रभावती पुलाच्या सुरुवातीलाच कठडा धरून उभी. तोंडाला घाम.

"काय झालं आई?"

"गरगरतंय गं."

"अहो, तुम्ही? तुमचं आयुष्य पाण्यावर गेलं!"

"पान्यावर गेलं. पान्याच्या वरनं कवा गेलं?" प्रभावतीनं डोळे मिटून घेतले. "हितनं लई खोल दिसतं. तू जा म्होरं. मी नाव घिऊन येते. हितंच तर बांधलीया."

खाली काठाला नाव होती, सोपानरावांनी नीट गाठ मारून ठेवलेली. दोन पायऱ्या उतरायचा अवकाश. आम्रपालीनं नावेकडं बघितलं, मग सासूकडं बघितलं. एवढ्या वर्षांत ह्या बाईनं अख्ख्या टेकाला पलीकडं नेलं होतं. नवरी नेली, बाळंतीण नेली, मयताचे खांदेकरी नेले. हिला कधी कुणी नेलं नव्हतं.

ती परत आली. कठड्यावरची सासूची बोटं तिनं एक-एक करून सोडवली आणि आपल्या हातात घेतली.

"खाली बघू नका. माझ्याकडं बघा."

"पडंन गं मी."

"नाही पडत. मी आहे ना. चला."

प्रभावतीनं पाय उचलला. मध्यावर वारं लागलं तशी ती थांबली, सुनेच्या दंडाला बिलगली आणि पोटातून ओरडली, "थांब की गं जरा!" आम्रपाली थांबली. ती परत चालायला लागेपर्यंत थांबली. मग दोघी पुन्हा निघाल्या, हळूहळू, घराकडं.